नमुन्याचं पोलकं घेतलं जात नाही

आमच्या देवासात त्या काळी बाईला डोकं असायचं, हात असायचे, पाय असायचे, आणि मधे पदर असायचा. पदराखाली काय असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं, कारण त्यांना कुणी दाखवतच नसे. नवऱ्यांना असावं, पण ते कशाला बोलतील? आणि खुद्द बाईला विचारलंत तर ती म्हणायची, "इश्श, मी कशाला बघू?" सगळ्या गावात पदराखालची खबर असणारी एकच व्यक्ती होती, आणि ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. ती पोलकी शिवायची.

तिला सगळे जीजी म्हणत. खरं नाव रुक्मिणी, हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्या रेशनकार्डावर दिसलं, आणि दुसऱ्याच कुणाचं कार्ड आपल्या हातात आलंय असं वाटलं. ती मूळची धारची, मीही धारची, म्हणून मला जरा जास्त बोलणी बसत. "तू आमच्या धारची ना? मग अक्कल वापर की गं थोडी!" तिच्या सासरचे लोक फार मागे दक्षिणेतून दरबारच्या लवाजम्याबरोबर माळव्यात आले, अंगरखे शिवत. "घोड्यांच्या झुलीसुद्धा आम्हीच शिवल्या," ती सांगायची. "घोडी बरी गं. माप द्यायला लाजत नाहीत."

नवरा धारलाच वारला, मूलबाळ नव्हतं, मशीन टांग्यात घालून ही बया देवासला आली. किडकिडीत अंगाची, चष्म्याला दोरा बांधलेला, गळ्यात मापाची फीत. ती फीत मी तिच्या गळ्यातून निघालेली कधी पाहिली नाही, जेवतानाही नाही. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या धरलेल्या असत, म्हणून बोलायची फक्त उजव्या कोपऱ्यातून. तेवढं पुरायचं. अख्ख्या तोंडाने बोलली असती तर आमच्या गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली असती. आणि एक सवय: माप घेण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायची, समोरच्या बाईला गार हात लागू नये म्हणून. मे महिन्यातसुद्धा!

तिच्या दारावर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी होती. "नमुन्याचं पोलकं घेतलं जात नाही. मापाला बाई स्वतः हवी."

ही पाटी म्हणजे आमच्या गावात मोठाच आगाऊपणा होता. चांगल्या घरची सून शिंप्याकडे माप द्यायला जाते होय? तिचं एक जुनं पोलकं नवऱ्याच्या सायकलच्या हँडलला पिशवीत लटकून जायचं, "याच्यासारखंच शिवा" असा निरोप घेऊन. पोलकं गावभर फिरलं तरी चालत होतं. एकदा एक साहेब असेच पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मी आत हुक लावत बसले होते.

"जीजी, घरातून त्या येत नाहीत. आमच्याकडे पद्धत नाही."

"मग भिया, तुमचं माप देऊन जा की," जीजी म्हणाली. "तुमच्या मापाचं शिवते, त्या घालतील. हात करा वर."

साहेब पिशवीसकट गेले. तीन दिवसांनी बाई आली, मान खाली घालून, हसू दाबत. पाटीचं कारण मात्र जीजी कुणाला सांगत नसे. मला सांगितलं, तेही मी फारच खनपटीला बसले तेव्हा. काज करता करता, माझ्याकडे न बघता.

तिची नणंद मनावर गावी दिली होती. दर दिवाळीला तिचं जुनं पोलकं धारला यायचं, नमुन्याला. एका वर्षी निरोप आला, डावी बाजू बोटभर सैल कर. जीजीने केली. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चौथ्या दिवाळीला पोलकं आलं नाही, तार आली.

"तीनदा शिवण उसवली मी," जीजी म्हणाली. "तीनदा आत दुमडलेली कापडाची माया सोडून दिली. एकदा मनावरच्या बसमध्ये बसून जाऊन विचारलं नाही, की बाई, माणूस जाड होतं ते दोन्हीकडून होतं. तुझी एकच बाजू कशी गं सैल करायची?"

मग लगेच माझ्यावर डाफरली, "हुक उलटा लावून राहिली तू. लक्ष कुठे आहे?"

तर अशी जीजी. आणि आता कमलचं सांगते, कारण कमल आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण, आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. आता तेव्हाची मोठी माणसं कुणी उरली नाहीत, कमलच्या मुलींची मुलं कॉलेजात आहेत, कुणाचं काही बिघडणार नाही. म्हणून लिहिते. तेव्हा मी तोंड मिटून बसले होते, हेही लिहिते.

कमलचं घर जुनं, मानाचं. पूर्वज दरबारात कारकून होते, पण सासूबाईंना सगळे आईसाहेब म्हणत, आणि त्या स्वतःही स्वतःला तेच समजत. नवरा मधुकरराव नव्या कारखान्यात बोल्ट तपासायला. दोन मुली, सुधा आणि लता. कमल बोलायला मऊ, हसायला त्याहून मऊ. संक्रांतीच्या आधी भावाच्या मुलाच्या मुंजीसाठी पोलकं शिवायचं म्हणून नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर जीजीकडे आली. मी पडद्याच्या अलीकडे, त्या दोघी पलीकडे. तळवे घासल्याचा आवाज झाला, मग कमलचा आवाज आला.

"जीजी, डावीकडे जरा सैल ठेवाल?"

पुन्हा तळवे घासल्याचा आवाज झाला. मग जीजीने विचारलं,

"हे दुखतं का गं?"

"छे! मुळीच नाही. म्हणून तर मी लक्ष दिलं नाही."

"केव्हापासून आहे?"

"गौरीत आंघोळ करताना लागलं हाताला. वाटाण्याएवढं होतं."

"आता वाटाणा नाही," जीजी म्हणाली. "उद्या इंदूरला जा. मोठ्या दवाखान्यात. पोलकं मी नंतर शिवीन."

कमल घरी गेली आणि तिने सांगितलं. चूक तीच झाली, घरी सांगितलं. कारण आमच्या गल्लीत एकाहून एक तज्ज्ञ बसलेले! आईसाहेबांनी पहिल्याच झटक्यात निकाल दिला. दुखत नाही ना? मग रोग कसला? रोग असता तर दुखला नसता? शिवाय सुनेने दोन मुली अंगावर पाजल्यात, पाजलेल्या बाईला तसलं काही होतच नाही. शिवाय आमच्या घराण्यात आजवर कुणाला नाही, तिच्या माहेरी नाही, मग येईल कुठून, पोस्टाने? ही दुधाची गुठळी आहे. आता लता तेव्हा नऊ वर्षांची. नऊ वर्षं दूध साठवून ठेवायचं म्हणजे कमल बाई नव्हती, डेअरीच होती.

समोरच्या कुसुमताईंनी सांगितलं, हंडा उचलताना धक्का बसला असणार. मधुकररावांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं, की असल्या गोष्टीला चाकू लावायचा नसतो, लोखंड लागलं की ते अंगभर पसरतं. मधुकरराव दिवसभर लोखंडच तपासत, तेव्हा त्यांचा शब्द कोण खोडणार! नालछ्याकडचे एक बाबा लेप देत, तो आणला. काळा, उग्र वासाचा. कमल तो लावून पदर दुहेरी घेऊन बसायची, आणि आईसाहेब अगरबत्त्या लावायच्या.

आणि सगळ्यात कहर सांगू? कमलला काहीही झालेलं नाही, हे ठरलेलं होतं. पण तिचा कप वेगळा झाला. ताटली वेगळी. मुलींनी आईजवळ झोपायचं नाही. नसलेला रोग, पण लागण मात्र होणार! मी एकदा विचारलं, "आईसाहेब, साधी दुधाची गुठळी ना? मग कप कशाला वेगळा?" तर म्हणाल्या, "तू फार विचार करतेस, तब्येत बिघडेल."

खरी गोम दुसरीच होती. ती कमलने मला विहिरीवर सांगितली, इकडेतिकडे बघत. "सासूबाई म्हणतात, इंदूरला गेलीस की गावाला कळणार. घराण्यात असला रोग निघाला तर माझ्या नातींना कोण करेल? आणि वहिनी, खोटं कसं म्हणू? मलाही तीच भीती वाटते. सुधा बारा वर्षांची झाली."

म्हणजे बघा. वाटाणा वाढत होता, आणि आम्ही सगळे बारा वर्षांच्या मुलीचं लग्न जमवत होतो.

मी हे जाऊन जीजीला सांगितलं. तिने मशीनचं पायडल थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला आणि म्हणाली, "आईसाहेबांकडे हळदीकुंकू कधी आहे?"

"परवा दुपारी. पण जीजी, तुला..."

"मला कोण बोलावतंय! विधवा बाई हळदीकुंकवाला येते का? मी न बोलावता जाणार."

गेली की. दुपारची वेळ, घर बायकांनी भरलेलं, वाण लुटणं चाललेलं. जीजी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, गळ्यात फीत, टाचण्या मात्र तोंडात नाहीत. त्या दिवशी अख्ख्या तोंडाने बोलायचं होतं ना.

"हळदीकुंकवाला नाही आले, आईसाहेब. माफी मागायला आले. कमलला जे झालं, ते माझ्या पोलक्यानं झालं. मी फार घट्ट शिवलं. पाच वर्षं घट्टच शिवून राहिले मी."

सगळ्या बायकांचे हात कुंकवाच्या करंड्यात तसेच. आणि आईसाहेबांचा चेहरा! काय सांगू, एखाद्याची हरवलेली बांगडी सापडावी तसा उजळला.

"मी म्हणतच होते!" त्या म्हणाल्या. त्या असं कधीच म्हटल्या नव्हत्या. "एवढं आवळून शिवल्यावर दुसरं काय होणार? म्हणजे आमच्या घराण्यातलं नाही?"

"छे हो. घराणं तुमचं स्वच्छ. दोष शिलाईचा."

"आणि मुलींना?"

"मुलींचं अजून एकही पोलकं मी शिवलेलं नाही. त्यांना कुठून येणार?"

आईसाहेबांनी विजयी नजरेने सगळ्या बायकांकडे बघितलं. ऐकलंत ना, असं.

"पण एक आहे," जीजी पुढे म्हणाली. "बाहेरून लागलेलं आहे तोवर बाहेरूनच काढता येतं. इंदूरला काढतात. उशीर झाला आणि आत उतरलं, तर मग ते घराण्यात शिरलं म्हणायचं. मग माझ्या हातात काही नाही."

शास्त्र सगळं गल्लीतलंच, जीजीने फक्त उलटं फिरवून घातलं. सोमवारी सकाळी कमल इंदूरच्या बसमध्ये होती. बरोबर मधुकरराव, जीजी आणि मी. कमल खिडकीशी बसली होती आणि सारखी मुलींच्या वेण्या कोण घालेल ते विचारत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांना घाई नव्हती. तपासलं, सुई घालून काही काढून घेतलं, दोन-तीन खेपा झाल्या. मग समोर बसवून त्यांनी सांगितलं, की हे तेच आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि बरं झालं आलात, अजून वेळ गेलेली नाही. मग मधुकररावांनी एक-एक करून गल्लीतलं सगळं ज्ञान टेबलावर मांडलं, आणि बाईंनी एक-एक उचलून बाजूला ठेवलं. धक्क्याने होत नाही. दुधाचा संबंध नाही, पाजलेल्या बायकांनाही होतो. कुणाला लागत नाही, कप वेगळा करू नका. चाकूने पसरत नाही, तसाच ठेवला तर पसरतो. दुखत नाही म्हणून तर बायका उशिरा येतात. घराण्यात कुणाला नसलं तरी होतो. आणि घट्ट पोलक्याने? बाईंना हसू आलं. "कपड्याने होत नाही हो. क्वचित पुरुषांनासुद्धा होतो हा."

"पुरुषांना?" जीजी वळून मधुकररावांकडे बघत म्हणाली. "मग भिया, तुमची बंडी पण सैल करून देऊ का?"

कमल हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर मधुकरराव ओशाळून म्हणाले, "जीजी, तुमच्या पोलक्याचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाल्या. मी आईला सांगतो."

"खबरदार," जीजी म्हणाली. "आधी हिला बरी होऊ द्या. मग मुलींची लग्नं होऊ द्या. तोवर तुमच्या आईला कुणाचा तरी दोष लागणार, तो माझ्याकडे राहू द्या. माझ्या घरी जागा आहे."

मधुकररावांनी नाही सांगितलं. फार आग्रह करावा लागला नाही त्यांना. मलाही नाही लागला.

कमल वाचली. एक बाजू गेली, पण वाचली. आणि देवासातली पोलकी त्या वर्षी एकदम सैल झाली! अशी सैल की वारा सुटला तर बाया उडतील. चौकात एक नवीन मास्टर बसले, ते नमुन्याचं पोलकं आनंदाने घेत आणि बाईकडे मान वर करून बघत नसत, ही त्यांची केवढी कीर्ती! जीजीच्या पाटीखाली कुणी फिरकेना. ती शाळेचे गणवेश शिवू लागली, उशांचे अभ्रे शिवू लागली. "उशा बऱ्या," म्हणायची. "दोन्ही बाजू सारख्या, आणि सासू नाही."

पण गंमत अशी, की दुपारच्या वेळी मागच्या दाराने काही बायका यायच्या, हातात अभ्र्याचं कापड घेऊन. अभ्र्याला कसलं माप लागतं? पण पडदा ओढला जायचा, तळवे घासल्याचा आवाज यायचा. दोघींना तिने इंदूरला पाठवलं. एकीची साधीच गाठ निघाली, ती रागावून परत आली, उगाच घाबरवलं म्हणून. "रागाव," जीजी म्हणाली, "रोज येऊन रागाव. पुष्कळशा साध्याच असतात. पण साधी आहे हे डॉक्टरने सांगायचं, सासूने नाही."

कमलसाठी तिने स्वतः बसून पोलकी शिवली. डाव्या बाजूला मऊ धोतराची पिशवी, आत पिंजलेला कापूस, आणि वजनाला राळ्याचे दाणे. मी म्हटलं, राळे कशाला? "वजन दोन्हीकडे सारखं हवं. नाही तर पदर घसरेल, आणि पदर घसरला की देवास हादरेल." कमल ती पोलकी लपवून न्यायची. घरात सांगायची, चौकातल्या मास्टरांची आहेत. एकदा रडायला लागली, जीजी, मी सांगून टाकते सगळं. जीजी म्हणाली, "आधी सुधाचं होऊ दे. मग लताचं. मग रड."

सुधाचं बागलीला ठरलं. जमीनदार माणसं, खाऊनपिऊन सुखी. लग्न देवासातच. आईसाहेबांनी नातीचं शालूवरचं पोलकं अर्थातच मास्टरांकडून करवलं, नमुन्याचं, आणि तीनदा निरोप पाठवला, सैल, सैल, सैल. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी ते अंगात घातलं, तर त्यात सुधा आणि तिची करवली दोघी मावल्या असत्या. खांद्यावर ठरेना. पोर रडकुंडीला आली. आणि कमल, जी सासूपुढे कधी वर मान करून बोलली नव्हती, ती खोलीच्या दारातून म्हणाली, "जीजीला बोलवा."

जीजी मांडवात अगदी शेवटच्या रांगेत बसलेली. रेशमी लुगडं, त्यावर फीत. खोलीत आम्ही चौघीच: सुधा, कमल, जीजी आणि मी. कमलने कडी लावली आणि कडीवरचा हात काढलाच नाही. जीजीने पोलकं बघितलं, मास्टरांबद्दल उजव्या कोपऱ्यातून दोन शब्द बोलली, ते लिहिण्यासारखे नाहीत. मग तळवे घासले.

"हात वर कर, बाळ."

माप एवढं हळू कुणी घेत नाही. सुधाला काही कळलं नाही, ती आरशात नथ बघत होती. मी कमलकडे बघत होते. तिची बोटं कडीवर पांढरी पडली होती. जीजीने दोन्ही बाजू बघितल्या, काखेपर्यंत. मग सुधाचाच हात धरून तिथे ठेवला आणि तिला कसं चाचपायचं ते दाखवलं. "महिन्यातून एकदा असं स्वतः बघत जा. बागलीत मी नसेन." आणि कमलकडे वळून नुसती मान हलवली. काही नाही.

कमलने कडी सोडली.

बाहेरून आईसाहेब ओरडल्या, "सैल ठेव गं बाई, सैल ठेव!"

"हो, सैलच ठेवते आहे," जीजीने तोंडातल्या टाचण्यांमधून उत्तर दिलं, आणि बाजूच्या दोन्ही शिवणी आत घेऊन पोलकं चांगलं घट्ट बेतलं. सुधा अशी दिसली, की बागलीकर बघत राहिले.

त्यानंतर पंगत. जीजी नेहमीसारखी मागच्या दाराने निघाली होती, पण कमलने हात धरून पंगतीत बसवलं. वाढायला मी होते. वरच्या बाजूला बागलीच्या विहीणबाई बसलेल्या, त्यांनी आईसाहेबांना हळूच विचारलं, हळूच म्हणजे सहा पानांपर्यंत ऐकू जाईल असं, "मुलीच्या आईचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं म्हणे? घराण्यातलं तर नाही ना काही?"

माझ्या हातातलं जिलबीचं ताट तिथेच थांबलं. कमल पाण्याचा जग घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. आईसाहेबांनी मात्र एक क्षणही घेतला नाही. बोट रोखून म्हणाल्या, "घराण्यातलं कसलं! ती बघा, ती बसली आहे ना फीत घालून? तिच्या घट्ट पोलक्यानं झालं ते. तिने स्वतः माझ्या उंबऱ्यात येऊन कबूल केलंय."

सगळी पंगत वळली. विहीणबाईंनी जीजीला विचारलं, "खरं का हो?"

जीजीने घास खाली ठेवला. नमस्कार केला, अगदी व्यवस्थित, दोन्ही हात जोडून.

"हो, मीच ती," ती म्हणाली. "तुम्ही निश्चिंत जेवा."

आणि माझ्याकडे बघून, उजव्या कोपऱ्यातून, "तू काय बघून राहिली? वाढ ना जिलबी."